बिबट्याचे डोळे

आमच्या सोसायटीत बिबट्या दोनदा आला. पहिल्यांदा आला तो खरा होता. मागच्या भिंतीवरून उतरला, कचऱ्याच्या डब्यांपाशी जरा रेंगाळला आणि आला तसा डोंगरात निघून गेला. दिंडोशीत राहणाऱ्यांना आता याचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. कॅमेऱ्यात दिसला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस तेवढा एकच विषय चालला आणि तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पाण्याच्या प्रेशरवर आले. दुसरा बिबट्या टेम्पोतून आला, भर दुपारी, दोरीने करकचून बांधलेला. तो फायबरचा होता. पुढचे पाय रोवून बसलेला, आणि बसलेला असूनही माझ्यापेक्षा वीतभर उंच. अंगावर नुसता पांढरा प्रायमर. गेट उघडायच्या आधी वॉचमनने विचारलं की याची रजिस्टरमध्ये नोंद करायची का, आणि तो थट्टा करत नव्हता.

झालं होतं असं की, आमच्या भागातल्या काही मंडळींनी मिळून एक समिती केली होती. डोंगराच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथल्या मुलांना घरात अभ्यासाला कोपरासुद्धा मिळत नाही. त्यांच्यासाठी एक अभ्यासिका बांधायची होती. त्यासाठी पैसे उभे करायला समितीने असे पांढरे बिबटे बनवून घेतले आणि अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांना, शाळांना, मंडळांना एकेक वाटला. प्रत्येकाने आपापला रंगवायचा, मग सगळे एका मैदानात मांडायचे, लोकांनी बघायला यायचं आणि शेवटी बोली लावून ते विकायचे. कल्पना मला आवडली. आमच्या वाट्याचा बिबट्या मी रंगवायचा, हे मात्र मला न विचारता ठरलं होतं.

ठरवलं सेक्रेटरींनी. बँकेतून रिटायर झालेला माणूस, कुठल्याही गोष्टीची आधी यादी करणारा. ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही दर वर्षी सोसायटीच्या गणपतीच्या डोळ्यांत चुका काढता. म्हणजे तुम्हाला त्यातलं कळतं. आता हा करून दाखवा." मला राग पटकन येतो आणि रागात मी पटकन हो म्हणते. माझ्या लग्नासकट बरीच कामं अशीच झालेली आहेत.

पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गणपतीच्या डोळ्यांवर मी नाक मुरडते, कारण त्या डोळ्यांशी माझं जुनं दुखणं आहे. वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडला एक गाळा भाड्याने घेतला आणि गणपतीची शाळा काढली. शाळा म्हणजे मूर्तींचा कारखाना, पण आम्ही कोकणातले लोक त्याला शाळाच म्हणतो. आषाढ लागला की आमचं अख्खं घर त्या गाळ्यात राहायला गेल्यासारखं असायचं. वडील, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा, आणि मी. मी दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, रंग कालवले, पीतांबर रंगवले, शेले रंगवले आणि दागिने काढले. मुकुटातला एकेक खडा मी असा उठवायचे की गिऱ्हाईक बोट लावून बघायचं. सगळे म्हणायचे, छान आहे हो मुलीचा हात.

डोळे मात्र वडील काढायचे. त्याला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. बाकी सगळी मूर्ती रंगून तयार असते, फक्त डोळ्यांची जागा कोरी, आणि तोवर ती मूर्ती नुसती मूर्ती असते. वडील आखणीला बसले की गाळ्यात चिडीचूप. आंघोळ झालेली, पोटात चहाचा घोटसुद्धा नाही. मूर्तीभोवती चादर लावायची, म्हणजे वारा नको आणि कुणाची नजर नको. आत दोघंच, ते आणि बल्ब धरायला मी. माझा हात अजिबात हलत नाही म्हणून ते काम मला दिलं होतं. न हलणारा हात मुलीला मिळाला होता आणि त्या हातात त्यांनी बल्ब दिला होता, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. दादा अठरा वर्षांचा झाला तशी वडिलांनी त्याला आखणी शिकवली. मग मी त्याच्यासाठी बल्ब धरायला लागले.

कुणी मला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी मागितलंच नव्हतं, आणि न मागता द्यावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. पुढे लग्न झालं, टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, मुलं मोठी झाली आणि मार्गी लागली. वडील गेले, दादाने शाळा चालू ठेवली, ती आजही चालू आहे. तर आता उघडच सांगते. मला एकदा डोळे काढायचे होते. छप्पन्न वर्षांच्या बाईला तीर्थयात्रा वगैरे करावीशी वाटावी अशी लोकांची अपेक्षा असते. मला डोळे काढायचे होते. बिबट्या टेम्पोतून उतरला आणि त्याच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी दोन पांढरे, कोरे उंचवटे मी पाहिले, तेव्हाच मनात आलं की हे आपले.

मोठ्या तोऱ्यात कामाला लागले. फायबर प्लास्टरसारखं रंग पीत नाही, रंग वरच्या वर घसरतो. म्हणून दोन दिवस पॉलिश पेपरने घासत बसले. पार्किंगच्या कोपऱ्यात बिबट्या आणि मी, येणारे-जाणारे हात लावून जायचे, सूचना करून जायचे. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला रंग कालवला. पार्किंगमध्ये एकच पिवळा दिवा आहे, त्याच्या उजेडात. पांढरा, त्यात पिवळा, त्यात जरासा गेरू, वरून लालचे दोन थेंब. हात आपसूक चालत होता, मला विचार करावा लागला नाही. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा बिबट्या रंगवून काढला आणि झकास दिसतोय असं स्वतःलाच सांगून वर गेले.

सकाळी उन्हात बिबट्या गुलाबी होता.

म्हणजे अगदी टवटवीत, नुकतं न्हाऊ घातलेल्या बाळासारखा गुलाबी. मी जिन्यातच थांबले. चौदा वर्षं जो रंग कालवला, तोच हाताने कालवला होता. आम्ही त्याला अंगरंग म्हणतो, गणपतीच्या कातडीचा रंग. पिवळ्या दिव्याखाली तो बिबट्याचा वाटला आणि मी फसले. तळमजल्यावर आमच्या मालवणकडच्या एक आजी राहतात, ऐंशी कधीच ओलांडलेल्या. त्या काठी टेकत बाहेर आल्या, बिबट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "अगो बाय, वाघाक गणपतीचा आंग दिलंस गो तू!" बाकीच्यांना ते कळायचं कारण नव्हतं. ग्रुपवर फोटो पडला आणि सी विंगमधून पहिला प्रश्न आला, हे डुक्कर आहे का. मग हसणाऱ्या तोंडांची रांगच लागली. नवरा चहा गाळता गाळता मोठ्याने वाचून दाखवत होता. मी म्हटलं, "वाचायचं बंद कर, नाहीतर तुला पण गुलाबी करीन."

सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, वाट लागली ना! पुन्हा प्रायमरपासून?" त्यांनी खिशातून यादी काढली होती. मी बिबट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. गुलाबी होता, पण खरं सांगायचं तर अंग जिवंत वाटत होतं. बाजारातल्या पिवळ्या रंगाने ते मेलं असतं. मग मी पाठीवर आणि कुशीवर गेरू-पिवळ्याचा पातळ हात दिला, इतका पातळ की खालचा गुलाबी आतून दिसत राहावा. पोट, गळा, कानाची आतली बाजू आणि पंजे तसेच गुलाबी ठेवले. संध्याकाळी सेक्रेटरी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गरम वाटतोय हो हात लावला तर." मी मनातल्या मनात त्यांना सगळं माफ केलं.

मग ठिपके. बिबट्याच्या अंगावर नुसते ठिपके नसतात, तुटक कडी असतात आणि मध्ये जागा मोकळी. मी म्हटलं, प्रत्येक घराने एक कडं रंगवायचं आणि मधल्या जागेत आपल्या मनाला येईल ते काढायचं. चांगला विचार होता, पण सोसायटीचा मला अनुभव असूनही मी तो बोलून दाखवला ही चूक. कपाळावरचा ठिपका कुणाला आणि शेपटीवरचा कुणाला यावर दोन तास मीटिंग झाली. बी विंगचं म्हणणं की आम्हाला नेहमी मागची बाजू मिळते, पार्किंगमध्ये पण आणि आता इथे पण. शेवटी सेक्रेटरींनी ठिपक्यांना नंबर दिले, चिठ्ठ्या केल्या आणि त्या स्टीलच्या डब्यात घालून आजींच्या हाताने काढल्या. सेक्रेटरींची चिठ्ठी बरोब्बर शेपटीखालच्या ठिपक्याची निघाली. इतका आनंद आमच्या सोसायटीत भारताने कप जिंकल्यावर झाला होता, त्यानंतर तेव्हाच. त्या माणसाने मात्र मान राखला. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आला, मांडी घालून खाली बसला आणि त्या जागी अगदी मन लावून छोटंसं कमळ काढलं.

आठ दिवस पार्किंगमध्ये मेळा भरला होता. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं एकाच डब्यात ब्रश बुडवून उभी. कुणी आपलं गावचं घर काढलं, कुणी पापलेट, एका घराने आपला मेलेला कुत्रा काढला आणि काढताना दोघं नवरा-बायको रडली. आजींनी जास्वंद काढली. ती वांग्यासारखी दिसते असं मी म्हणाले, तर त्या माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. मी सगळ्यांवर ओरडत होते, ब्रश धुवा, थेंब पुसा, शेजारच्याच्या ठिपक्यात जाऊ नका. मी इतकी खुशीत होते की घसा बसला.

आणि मग एका संध्याकाळी सेक्रेटरी म्हणाले, "आता फक्त डोळे राहिले. डोळ्यांसाठी तुमच्या भावाला बोलवू या ना. तुम्हीच सांगता, मुलुंडला त्यांच्यासारखं कुणी नाही." भोवती चार-पाच जण होते. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या तोंडून निघालं, "हो हो, बोलावते की." तिथल्या तिथे फोन लावला. दादा म्हणाला, रविवारी सकाळी येतो. फोन ठेवला आणि मला स्वतःचा इतका राग आला की मी वर येऊन सगळी भांडी पुन्हा घासली.

त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही. घरात नवऱ्याशिवाय कुणी नसल्यामुळे ते सगळं त्याच्याच वाट्याला आलं. दुपारी दार लावून वर्तमानपत्रांवर डोळे काढत बसायचे. मोबाइलवर बिबट्याचे फोटो समोर ठेवून रागीट, गोल, बारीक बाहुलीचे डोळे काढायला जायचे आणि उतरायचे ते लांबट, अर्धे मिटलेले, प्रेमळ. शंभर काढले असतील, एकही रागावेना. चौदा वर्षं डोळ्यांनी जे पाहिलं होतं तेच हातात उतरत होतं. नवऱ्याला गादीखाली तो गठ्ठा सापडला. एकेक पान उलटून तो म्हणाला, "तुला काढायचेत डोळे?"

"हो."

"मग सांग ना त्याला."

"आता बोलावलंय. आता काय सांगू?"

"हेच सांग." नवऱ्याला सगळं सोपं वाटतं. त्याला बहीण नाही आणि भाऊही नाही.

रविवारी दादा आला. मुलुंडहून दोन बस बदलून, आंघोळ करून, उपाशीपोटी, हातात ब्रशची पत्र्याची नळी. बासष्ट वर्षांचा माणूस, पण आखणीला निघाला की वडिलांसारखा ताठ चालतो. बिबट्याच्या समोर उभा राहिला. मग जवळ गेला, पोटापाशी वाकून बघितलं आणि एकदम हसत सुटला. "बाय, अंगरंग मारलास?"

"चुकून लागला रे."

"चुकून," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. आजींनंतर ओळखलं ते त्यानेच.

आखणी उभ्याने करत नाहीत. म्हणून क्लबहाउसमधलं टेबल आणलं, त्यावर पाट ठेवला आणि दादा वर चढून बसला, बिबट्याच्या तोंडासमोर तोंड. भोवती चादरी बांधल्या. बाहेर अख्खी सोसायटी उभी होती आणि कुणीही बोलत नव्हतं, हे मी सोसायटीत राहायला आल्यापासून प्रथमच पाहिलं. आत आम्ही दोघं. मी स्टूलावर, बॅटरी धरून. दादाने ब्रश भिजवला, कडेला पुसला, टोक ओठाशी नेऊन बघितलं. डावा हात उजव्या मनगटाखाली घेतला. श्वास आत घेतला. ब्रश त्या कोऱ्या उंचवट्यापासून बोटभर अंतरावर आला.

"थांब," मी म्हटलं.

आमच्या शाळेत त्या क्षणी कुणी बोलत नाही. वडिलांच्या वेळी एकदा शेजारच्या गाळ्यात आग लागली होती, तेव्हासुद्धा त्यांनी आधी दुसरा डोळा पुरा केला होता. दादाने ब्रश तिथल्या तिथे थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चादरीवर उजेड नाचत होता.

"दादा, डोळे मला काढायचेत."

"आत्ता सांगतेस?"

"हो."

"मी चहा न पिता मुलुंडहून आलोय."

"माहितीय मला."

बाहेर कुणीतरी खोकलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. दादाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आंघोळ झालीय?"

"झालीय."

"खाल्लंस काही?"

मला तेव्हाच कळलं की मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. चहासुद्धा घेतला नव्हता. नवऱ्याने कप पुढे केला होता, मी नको म्हटलं होतं, आणि का म्हटलं ते स्वतःला विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं.

"म्हणजे ठरवून आलीयस," दादा म्हणाला आणि पाटावरून उठला. उतरताना त्याने आपला ब्रश पुसून नळीत ठेवला. "माझा ब्रश देणार नाही हं. डोळ्याचा ब्रश ज्याचा त्याचा असतो."

मला त्याचा नकोच होता. माझ्याकडे माझा होता, दागिन्यांचा, जुना, बारीक. मी वर चढून पाटावर बसले. बॅटरी दादाच्या हातात गेली. त्याने आयुष्यात उजेड धरलेला नव्हता, त्यामुळे तो इतका वाईट धरत होता की मी दोनदा खेकसले. "हलवू नकोस रे! सावली पडतेय माझ्या हाताची." तो निमूटपणे सरकला.

पहिली रेघ वरच्या पापणीची. नाकाकडून कानाकडे, एका श्वासात, मध्ये थांबायचं नाही आणि पुन्हा गिरवायचं नाही. आखणीत खोडणं नसतं. डावी झाली, लगेच उजवी, म्हणजे दोन्ही एका मापाच्या येतात. मग खालच्या रेघा, मग पांढरं, मग बुबुळ. ते मी मधाच्या रंगाचं केलं. रागीट डोळा काढायचा विचार मी तेव्हाच सोडून दिला. हात जे मागत होता ते त्याला काढू दिलं. शेवटी काळ्या बाहुल्या आणि त्यांत चमकेचा एकेक पांढरा थेंब. तो थेंब टेकला आणि बिबट्याने माझ्याकडे पाहिलं. याहून वेगळं मला ते सांगता येत नाही. इतके दिवस मी ज्याला घासलं, पुसलं, ज्याच्यावर ओरडले, तो आत्ता समोर होता आणि बघत होता. मला रडू आलं आणि मी ब्रश लांब धरून रडले, थेंब पडू नये म्हणून.

दादाने बॅटरी खाली ठेवली. समोर आला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मागे सरून चादरीला टेकला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाला, "डावा चांगला आलाय. उजव्याची बाहुली तांदळाएवढी खाली गेलीय."

मी भडकले. म्हणजे अर्धा क्षण. मग मी पाहिलं आणि ते खरं होतं. आणि मग मला जे वाटलं ते मी अजून पुरतं कुणाला समजावू शकलेले नाही. चौदा वर्षांत माझ्या एकाही पीतांबरात, एकाही मुकुटात कुणी चूक काढली नव्हती. छान म्हणायचे आणि पुढे जायचे. डोळ्यांवरून मात्र वडील आणि दादा तास तास वाद घालायचे, एकमेकांना नाही नाही ते बोलायचे, आणि मी बल्ब धरून ऐकत असायचे. आज पहिल्यांदा दादा माझ्याशी तसा बोलला होता.

"तुझ्या लग्नाच्या वर्षीच्या मोठ्या मूर्तीचे दोन्ही डोळे तिरळे होते," मी म्हटलं.

"एक."

"दोन्ही. बल्ब मी धरला होता."

दादा इतका हसला की बाहेरच्या लोकांनी न राहवून चादर बाजूला केली.

टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आजींना वाट करून दिली. त्या समोर उभ्या राहिल्या, काठी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि सरळ हात जोडले. "डोळे बघ कसे हत त्याचे! माया करता गो तो." दुसऱ्या दिवशी बिबट्याच्या गुलाबी पंजावर जास्वंद होती आणि पुढ्यात उदबत्ती. वॉचमन चप्पल काढून बाजूने जायला लागला. सेक्रेटरी हवालदिल झाले. "मॅडम, देव झाला हो याचा. आता बोली कोण लावणार? घरी नेऊन रोज पूजा कोण करणार?" मी म्हटलं, "तुमचं कमळ बघून नेतील." त्यांनी ते यादीत लिहिलं नाही.

मैदानात सगळे बिबटे ओळीने मांडले होते. बाकीचे फार सुंदर होते, खोटं कशाला बोलू. कुणी आरसे लावले होते, कुणी अख्खं जंगल काढलं होतं आणि सगळे डोळे वटारून रागाने बघत होते. बारकी पोरं त्यांच्यासमोर आईच्या मागे लपत होती. आमच्याकडे आली की थेट त्याच्या गळ्याशी जाऊन चिकटत होती. मी खाली बसून पाहिलं तेव्हा कारण कळलं. ती तांदळाएवढी खाली गेलेली बाहुली. उभ्या माणसाच्या डोक्यावरून तो जरासा चुकत होता आणि तीन वर्षांच्या पोराकडे बरोब्बर बघत होता. मुलुंडच्या एका बालवाडीच्या बाईंनी बोलीत त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. तो आता त्यांच्या दाराशी बसलेला असतो.

त्या रविवारी डोळे झाल्यावर आम्ही दोघं वर घरी आलो होतो. नवऱ्याने चहा ठेवला होता, दादा एकामागून एक तीन कप प्यायला. चौथ्याला नको म्हणताना तो एकदम म्हणाला, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

"मला वाटायचं, तुला दागिने काढायला आवडतं."

"आवडतंच," मी म्हटलं.

हे इतकंच होतं. मी मनात चाळीस वर्षं जे घेऊन बसले होते, त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी माणूस अडवून उभा नव्हता. तिथे फक्त एक भाऊ होता, ज्याला वाटत होतं की बहिणीला दागिने आवडतात. याचं हसू यायला हवं होतं, पण त्या दुपारी मला वडिलांची फार आठवण आली. त्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे आता कधीच कळणार नाही.

आषाढात दादाचा फोन आला. सुरुवात वगैरे काही नाही. "मूर्ती रंगून झाल्यात. शंभर आहेत. पन्नास तुझ्या. उद्या सकाळी ये, उपाशी."

गेले. गाळा तोच आहे, पत्रा तेवढा बदललाय. कोऱ्या डोळ्यांचे शंभर गणपती ओळीने बसलेले आणि मध्ये दोन पाट, एकमेकांना पाठ लावून. दादाने आता दिव्यांना स्टँड केले आहेत, बल्ब धरायला कुणी लागत नाही. मी पहिली मूर्ती पुढ्यात घेतली, श्वास आत घेतला आणि रेघ ओढली. पुरी झाल्यावर दादाला हाक मारली. त्याने वळून पाहिलं, म्हणाला, पापणी जाड आहे. मी उठून त्याची पाहिली आणि सांगितलं की त्याच्या गणपतीला झोप आलीय. त्यावरून जे सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. वहिनी डबा घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली, आत यावं की नाही ते तिला कळेना. त्या दिवशी भांडत भांडत आम्ही दोघांनी मिळून अकरा मूर्तींचे डोळे पुरे केले, आणि इतकं सुखाचं भांडण मी आयुष्यात कधी केलेलं नाही.